तुझा पाय, भासऱ्यांचा खांदा

बाई, सुतकात तेलाला हात लावायचा नाही हा नियम ज्यानं कोणी केला, त्याच्या घरात मालिश करणारी सून नसणार. असती, तर त्यानं तिच्यापुरती एखादी पळवाट ठेवली असती. तू गेलीस आणि माझे हात एकदम बेकार झाले. दारव्ह्याच्या सासरच्या घरात बायका येत होत्या, रडत होत्या, चहा पीत होत्या, आणि मी भिंतीला टेकून एका हाताचा अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतवत बसले होते. कणीक मळायला घेतली तर ती इतका वेळ मळली की घरातल्या म्हाताऱ्या गोदाआत्या म्हणाल्या, "पोळ्या कराच्या हायेत व संगीता. मेलेलं उठवाचं नाही." सगळ्या बायका आत्यांकडे बघायला लागल्या. मला मात्र हसू फुटलं. ते पदराआड लपवता लपवता मी सवयीनं मान वळवून तुला शोधलं.

हात अजूनही शांत नाहीत. तेरावी झाली, यवतमाळला परत आले, लोहाऱ्याच्या रस्त्यावरची माझी मालिशची खोली उघडली, दोन-तीन पाठी मोकळ्या केल्या, तरी नाहीत. खुर्चीवर बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. म्हणून लिहायला घेतलंय. लिहिताना निदान बोटं हलतात.

तू माझी थोरली जाऊ. लोकांपुढे मी तुला 'तुम्ही' म्हणायचे, डोक्यावर पदर घेऊन, खालच्या मानेनं. दार लोटलं आणि मध्ये तेलाची वाटी आली की 'तू'. कोणी ऐकलं असतं तर घराचं छप्पर उडालं असतं. आज इथं मी बिनधास्त 'तू' म्हणणार आहे. गोदाआत्यांना वाचायला दिसत नाही, आणि बाकीच्यांना मी भीत नाही.

तुझा पाय. सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं, तर तिथूनच सुरुवात करते.

तू पायाळू होतीस. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढलेस. यात तुझं कर्तृत्व काय, असं मी एकदा विचारलं, तर तू म्हणालीस, "मले घाई होती." पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण जाते असं आपल्याकडे मानतात, आणि तू ते मानणं फार मनावर घेतलं होतंस. बाजाराच्या दिवशी ओसरीवर माणसं पालथी पडलेली असायची. कोणी कापूस वेचून कंबर धरलेली, कोणी सोयाबीनची पोती उचलून पाठीत चमक भरलेला. तू हातातला चहाचा कप खाली न ठेवता यायचीस आणि त्यांच्या कमरेवर उजवा पाय ठेवायचीस. म्हणायला पाय लावणं, पण मी जवळून पाहिलंय. टाच मणक्यावर नाही, मणक्याच्या शेजारच्या गाठीवर. आणि भार एकदम नाही, खाट करकरावी तसा हळूहळू. खालचा माणूस आधी शिव्या द्यायचा, मग आशीर्वाद. दोन्हीही तू सारख्याच थाटात घ्यायचीस.

आणि तुझी चूक झाली की ती पण थाटातच व्हायची. बेलदारपुऱ्यातून एक माणूस आला होता, त्याची कळ कमरेतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती. मी ओरडून सांगितलं, याला पाय लावू नको, ही उसण नाही, मणक्यातली गादी सरकली आहे, नस दबते आहे. तू लावलास. तो चालत आला होता, खाटेवरून गेला. चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. म्हणजे चुकलीस तू आणि रुसलीस पण तूच. पुढे तो बरा झाला आणि तुला नारळ देऊन गेला, तेव्हा तो नारळ तू माझ्या पदरात टाकलास. माफी मागायची तुझी पद्धत एवढीच.

मी नागपूरहून मालिशचा कोर्स करून आले तो दिवस आठवतो का? अंगात नवा पांढरा कोट घालूनच मी जीपमधून उतरले होते. मला वाटलं, घरात कौतुक होईल. तू खाटेवर पालथी पडलीस आणि म्हणालीस, "दाखव, का शिकून आली." मी स्वीडिशपासून सुरुवात केली. लांब, सरळ, तळहातानं केलेले हलके दाब, रक्त खेळतं राहावं आणि थकलेलं माणूस सैल पडावं म्हणून. तू थोड्या वेळात घोरायला लागलीस. मी खूश. मग जागी होऊन म्हणालीस, "हे तं मांजरीले कुरवाळणं झालं. लोकं यासाठी पैसे देतेत?"

मी समजावलं. ज्याला झोप नाही त्याला हाच हात लागतो. ज्याच्या खांद्यात जुनी गाठ बसली आहे त्याला कोपरानं खोल दाब लागतो, तुझ्या टाचेसारखा. बाईच्या हातावर छातीच्या ऑपरेशननंतर सूज आली असेल, तर इतका हलका हात की फक्त वरची कातडी सरकावी, कारण तिथं मांस दाबायचं नसतं, पाणी पुढं ढकलायचं असतं. पळणाऱ्या पोरांना शर्यतीआधी भरभर चोळतात, अंग जागं व्हावं म्हणून, आणि शर्यतीनंतर सावकाश, अंग थंड व्हावं म्हणून. "एकच हात सगळ्यांना चालत नाही," मी शेवटी वक्तृत्व स्पर्धेत म्हणतात तसं म्हटलं.

"हात एकच रायते व," तू म्हणालीस. "माणूस बदलते."

हे आपलं कायमचं भांडण. मी म्हणायचे, आधी विचारायचं, आधी बघायचं, मग हात लावायचा. कशासाठी लावतोय हे ठरल्याशिवाय तेलाची वाटी उचलायची नाही. तू म्हणायचीस, आधी हात लावायचा, विचारायचं ते हातच विचारते. जीपमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीच्या घरून परत येताना आपण यावर भांडलो. कोणी जिंकलं नाही. कोणाला जिंकायचंही नव्हतं, नाहीतर पुढच्या रविवारी मी यवतमाळहून आले की बोललो कशावर असतो?

काशाच्या वाटीवरून तर आपण नाटकच केलं होतं. रात्री झोप येत नसली की तू तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायचीस. तळपाय काळे पडायचे. "पाह्य, उष्णता निघून राह्यली," तू विजयानं सांगायचीस. मी म्हटलं, काळं होतं ते धातूमुळे. वाटी घासल्यानं पाय सैलावतात, झोप लागते, हे खरं, पण काळा रंग म्हणजे उष्णता नव्हे. तू ऐकेनास. मग मी स्वयंपाकघरातून एक दुधी भोपळा आणला, त्याला तूप लावलं आणि सगळ्या बायकांसमोर वाटीनं घासला. भोपळा काळा पडला. मी म्हटलं, बघ, याला काय उष्णता झाली होती? तू भोपळ्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "उन्हातून आणला होता."

आळीतली बाळं तुझीच. पाय लांब करून बसायचीस, नडग्यांवर बाळ पालथं, आणि तेल चोळता चोळता त्या बाळाकडे त्याच्या बापाची सगळी गाऱ्हाणी करायचीस. मग उताणं करून दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, पाय पोटाशी दुमडायचे, मग सगळं अंग मोकळं सोडायचं. बाळ जांभई द्यायचं. तिथं मला शिकवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी फक्त बघायचे. पण शेवटी तू बाळाच्या नाकात तेलाचा थेंब सोडायचीस आणि माझा तोल जायचा. तेल श्वासाबरोबर छातीत उतरतं, बाई. मी एकदा सरळ वाटी उचलून घेतली. तू दिवसभर तोंड फिरवून बसलीस. पुढच्या वेळी आले तर नाकात तेल घालणं बंद झालं होतं. कानात चालू केलं होतंस.

आता तुझ्या नवऱ्याचं. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि आपल्या भावकीत धाकट्या सुनेनं भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही. माझ्या लग्नाला माझे केस पांढरे होण्याइतकी वर्षं झाली. इतक्या वर्षांत भासरे माझ्याशी एक शब्द थेट बोलले नाहीत, मी त्यांच्याशी नाही. जे काही होतं ते तुझ्यामार्फत. मी समोर उभी असताना ते तुला म्हणायचे, "तिले सांग, जीप भरून राह्यली." मी तुला म्हणायचे, "त्यांना सांगा, निघाले." तू मध्ये बसून भाजी निवडायचीस आणि आमचे निरोप इकडून तिकडे टाकायचीस.

मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात कमरेच्या वर जाईना, सदऱ्याच्या बाहीत शिरेना. डॉक्टरनं सांगितलं, खांदा गोठलाय, व्यायाम करा. मी यवतमाळात परक्या माणसांचे असे खांदे सोडवले होते, आणि घरातल्या खांद्याला हात लावायची सोय नव्हती. मग तू तोडगा काढलास. भासरे मधल्या खोलीत स्टुलावर, तू त्यांच्या मागं, आणि मी दाराआड. हात तुझे, डोकं माझं.

ते म्हणाले, "तिले विचार, शेक आधी का मंग?"

मी म्हटलं, "आधी. गरम पाण्याची पिशवी, खांद्यावर टॉवेल ठेवून."

तू म्हणालीस, "ते म्हणते, आधी. आन् मुकाट्यानं."

मी सांगत गेले. सांध्यावर जोर नको, खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाच्या कडेनं अंगठा फिरव, तिथलं मांस सुटलं की हात आपोआप थोडा वर येतो. मग दंड धरून हळू पुढं न्यायचा, दुखलं की थांबायचं. तू अर्थातच थांबली नाहीस. भासरे ओरडले. मी दाराआडून म्हटलं, त्यांना श्वास सोडायला सांगा.

"ते म्हणते, पोट्ट्यासारखं बोंबलू नका," तू म्हणालीस.

"असं नाही म्हणली ते. मले आयकू येते."

"आयकू येते तं मले कायले मधात घेता?"

मी तोंडात पदराचा बोळा कोंबून दाराआड बसूनच गेले. भासऱ्यांनी डाव्या हातानं सदरा खांद्यावर ओढला. मग म्हणाले, "तिले विचार, उद्याय कराचं का?"

दर रविवारी ते नाटक चालायचं. खांदा सुटत आला होता. एकदा त्यांनी स्वतःची पाठ स्वतः खाजवली आणि तू आळीत साखर वाटायला निघाली होतीस.

आणि मग अंगणातल्या ओल्या फरशीवर तू घसरलीस. उजवा घोटा. प्लास्टर, आणि खाट. तुझ्यासारखी बाई खाटेवर पडून राहिली म्हणजे घराला शिक्षा. येईल त्याला तिथूनच हुकूम. प्लास्टर काढलं त्याच्या पुढच्या रविवारी मी आले, तर तू तेलाची वाटी कोमट करून तयारच ठेवली होतीस आणि पाय पुढं पसरला होतास. मला तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत तू मला स्वतःहून पाय पुढं केलास असं पहिल्यांदाच होत होतं.

मी पाहिलं. पोटरी एकाच पायाची सुजलेली. कातडी ताणलेली, चकाकणारी. हाताची मागची बाजू लावून पाहिली तर ती पोटरी दुसरीपेक्षा गरम. मी वाटी उचलून खिडकीत ठेवली.

कोर्सच्या पहिल्याच दिवशी हे शिकवतात, बाई. कोणाला मालिश करायची याच्या आधी कोणाला नाही हे शिकवतात. ताप असलेल्याला नाही, ताज्या मोडीवर नाही, उघड्या जखमेवर नाही. आणि बरेच दिवस पडून राहिलेल्या माणसाची एकच पोटरी अशी सुजली असेल तर अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं तर ती सुटून वर जाते, छातीत. मी तुला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, उठ, आत्ताच यवतमाळला जाऊ, मोठ्या दवाखान्यात.

"परक्यायले चोळते," तू म्हणालीस, "आन् घरच्यायले वाऱ्यावर सोडते."

भासरे ओसरीवरून म्हणाले, "तिले सांग, उलसं दाबून देईन तं का होते?"

मी तुला म्हटलं, "त्यांना सांगा, नाही."

तू तो निरोप पोचवला नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा. तोंड फिरवून बसलीस. भासऱ्यांनी मात्र तो ऐकला होता.

तुला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेलो, तिथं डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी केली आणि गुठळीच निघाली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. सूज थोडी उतरली, आणि मला वाटलं, हे भांडण मी जिंकलं. तू मात्र काहीच मान्य केलं नव्हतंस. मी भेटायला आले की पांघरूण बाजूला करून पाय दाखवायचीस, आता तरी दाब म्हणून. मी मान हलवायचे. पलीकडच्या खाटेवरची बाई आपलं बोलणं ऐकून हसायची. त्या शेवटच्या सकाळी पण तसंच झालं. फक्त त्या दिवशी तू पांघरूण परत घेतलंस आणि म्हणालीस, "तुले माह्या पायाची किळस येते काय व?"

तू हे हसून म्हणालीस की मनाला लागून, हे मला अजून ठरवता येत नाही. मी तो चेहरा रोज आठवते. कधी तो हसरा असतो, कधी नाही. तेवढ्यात नर्सनं औषधं आणायला मला खाली पाठवलं, आणि मी जिना उतरता उतरता तुला द्यायचं उत्तर तयार करत होते. फर्मास सुचलं होतं. वर आले तर तुझ्या खाटेभोवती गर्दी होती, तुझ्या तोंडावर ऑक्सिजन होता, आणि भासरे भिंतीला पाठ लावून उभे होते. मला पुढं जाताच आलं नाही. तू गेल्यावर डॉक्टर भासऱ्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता. ते काय, ते मला कोण सांगणार?

ते उत्तर मी इथं लिहिणार नाही. ते फार विनोदी होतं.

तू सवाष्ण गेलीस, म्हणून तुला हळद-तेल लावून न्हाऊ घालायचं होतं. अंगणात धोतराचा आडोसा केला होता, बायका पाण्याचे हंडे घेऊन उभ्या. गोदाआत्या म्हणाल्या, "तेल तू लाव. तुह्यंच काम हाय." त्यात टोमणा होता की मान, हे बघायला मी वर पाहिलं, पण त्यांचं तोंड पदरात होतं. मी डोक्यापासून लावत आले. कपाळ, मान, दंड. मग पाय. डावा आधी. मग तो.

बाई, मी दाबला. तू म्हणत होतीस तसा, पूर्ण, घोट्यापासून वर, दोन्ही अंगठ्यांनी. आता त्यात काही धोका नव्हता. मालिश नेहमी काळजाच्या दिशेनं करायची, हे माझ्या हातात इतकं बसलंय की मी विचारही केला नाही. पायातलं रक्त परत वर जावं म्हणून तसं करतात. मांडीपर्यंत आले आणि मला कळलं की आता वर जायला काही नाही. माझे हात तरी थांबेनात. मी परत घोट्यापासून सुरुवात केली. आडोशापलीकडून कोणीतरी आटपा म्हणून ओरडलं, पुरुषमंडळी खोळंबली होती. "खोळंबू द्या," गोदाआत्या म्हणाल्या, "तिले करू द्या." तेव्हा मला कळलं की तो टोमणा नव्हता.

पण सगळ्याच काही गोदाआत्या नसतात. बसायला येणाऱ्या बायकांमध्ये कुजबुज होतीच. मालिशवाली जाऊ घरात असून पाय दाबला नाही म्हणे. दाबून दिला असता तर रक्त मोकळं झालं असतं. मी पाणी घेऊन गेले की विषय बदलायचा आणि तुरीच्या भावावर यायचा. हे मी सहन केलं असतं. यवतमाळात मालिशची खोली चालवणाऱ्या बाईबद्दल लोक याहून वाईट बोलतात, आणि त्यातल्या काही गोष्टी मी तुला रंगवून सांगितल्या आहेत. पण ओसरीवर भासरे बसलेले असायचे, आणि त्यांच्या कानावर ते सगळं जात होतं. मी समोरून गेले की ते खाली बघायचे. ते आधीही खालीच बघायचे. आता रीत म्हणून बघतात की राग म्हणून, हे मला कळेना. विचारायचं तर तुलाच विचारलं असतं. त्यांना जाब मागायचा असता तर तोही तुझ्यामार्फतच मागितला असता. तू गेलीस ती आमच्या मधला एकुलता एक रस्ता घेऊन गेलीस. एका घरात, एका छपराखाली, आम्ही दोघं आपापल्या ठिकाणी बसून होतो आणि एकमेकांना विचारायचं ते एकच होतं.

तेरावीला सोयरे तेल लावतात, तेव्हा सुतक सुटतं. तुझा भाऊ राजूरहून आला होता, खाणीतली पाळी बदलून. आम्ही सगळे ओळीनं बसलो. त्यानं आधी भासऱ्यांच्या डोक्यावर तेल घातलं. खाणीत काम करणाऱ्या माणसाचा हात, त्यात दुःख. तेल कपाळावरून थेट डोळ्यात. भासऱ्यांनी पुसायला उजवा हात उचलला आणि तो छातीपाशीच अडकला. मी ओळीत शेवटी होते, तरी मला दिसलं. खांदा परत धरला होता. इतक्या दिवसांत त्याला कोणाचा हातच लागला नव्हता. त्यांनी डाव्या हातानं डोळा पुसला.

माझ्या डोक्यावर पण तेल आलं. केसांत शिरलं, मानेवरून उतरलं. माझे तळवे आपोआप वर आले, ते घ्यायला.

जेवणं झाली, जीपा भरून पाहुणे गेले. मी पातेली आत नेत होते. मधल्या खोलीत भासरे तुझ्या फोटोसमोर उभे होते. तो फोटो तुला माहीत आहे, कोणाच्यातरी लग्नातला, फोटोग्राफरवर चिडलेली आहेस. माझी चाहूल लागली असणार, कारण ते वळले नाहीत, पण बोलले. फोटोशी.

"तिले विचार," ते म्हणाले, "दाबला असता तं का झालं असतं?"

मी पातेलं खाली ठेवलं. मी पण फोटोलाच म्हटलं, "त्यांना सांगा, त्याच दिवशी गेल्या असत्या. माझ्या हातानं."

मी वाट पाहत राहिले. तू असतीस तर यात काहीतरी घालून सांगितलं असतंस.

"तिले म्हणाव," भासरे म्हणाले, "डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. असंच सांगतलं. पण मले तिच्या तोंडून आयकाचं होतं."

मग मला राहवलं नाही. जिन्यावर तयार केलेलं ते फर्मास उत्तर तोंडाशी आलंच नाही. मी फोटोकडे बघून एवढंच म्हणाले, "किळस नव्हती. कधीच नव्हती."

भासरे थोडं पुढं झाले, तू दुसऱ्या खोलीत असलीस की आवाज चढवायचे तसा चढवला, आणि माझा निरोप तुला दिला. "आयकलं का व मंदे? किळस नव्हती म्हणते ते. उगाच बोलली तू तिले."

मी एवढं म्हटलंच नव्हतं, बाई. शेवटचं वाक्य त्यांनी त्यांच्या मनानं घातलं.

फोटोचा हार एका बाजूला घसरला होता. तो नीट करायला त्यांनी हात उचलला, उजवाच, आणि झटका देऊन वर न्यायला बघितला.

"झटका नको, दादा," मी म्हणाले. "भिंतीवर बोटं टेकवा. आता एकेक बोट वर चढवा, हळू."

त्यांची पाठ ताठ झाली. माझीही. मी पदर पुढं ओढला, तोवर उशीर झाला होता. मग त्यांनी भिंतीवर बोटं टेकवली. पहिलं, दुसरं, मग परत पहिलं, मुंगी चढावी तशी. फोटोच्या खालच्या कडेपर्यंत पोचली आणि त्यांचा श्वास अडला.

"बस," मी म्हटलं. "आज एवढंच."

"उद्याय कराचं का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबले. आमच्या मध्ये कोणी नव्हतं.